कारकुनाच्या गळ्यातली पिशवी

२ ऑक्टोबर

कारकून आज अर्धा तास उशिरा आला. तेवढ्या वेळात मी तीनदा टेकडीवर जाऊन बघून आलो. गुडघा ठणकतो आहे. पिशवी रिकामी.

ही वही नवी आहे, तिला काही ठाऊक नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो. कारकून म्हणजे कुत्रा. नाव दादाने ठेवलं — वेळेवर जातो, वेळेवर येतो, मधे काय केलं ते सांगत नाही. रोज सकाळी त्याच्या गळ्यातल्या कातडी पिशवीत मी एक चिठ्ठी घालतो आणि ‘वहिनी’ म्हणतो. एवढ्यावर तो निघतो. बेटाच्या त्या टोकाला धक्क्याजवळ वहिनींचं घर. तिथे काहीतरी खाऊन, तोंड चाटत परत येतो.

दादा होता तोवर चिठ्ठीच्या पाठीमागे उत्तर यायचं. ‘वारा फिरणार. मुकीचा मागचा खूर बघ.’ एवढंच, पण यायचं. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. आता चिठ्ठी तिकडे राहते आणि पिशवी रिकामी येते. चिठ्ठी काढून घेतली म्हणजे वहिनी हिंडत्या-फिरत्या आहेत, इतकं कळतं. बोलणं नाही.

बेटावर आता आम्ही दोघंच. बाकीची घरं दारं लावून गेली. माझ्याकडे तीन तट्टं, दोन कुत्री. त्यांच्याकडे दादाची घोडी, चांदी नावाची.

३ ऑक्टोबर

तबेल्याची कडी तीनदा तपासली. चौथ्यांदा निघालो तेव्हा जाडीने शेगडीजवळून मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मी चपला काढून परत बसलो. जाडी ही दुसरी कुत्री. काम काही करत नाही, लक्ष मात्र सगळीकडे.

६ ऑक्टोबर

वारा पडला होता म्हणून तिन्ही तट्टांचे खूर साफ केले. काडतूस चावलं. दर वेळी चावतं आणि दर वेळी मी विसरतो. मुकी कधी खिंकाळत नाही, नुसती येऊन माझ्या खांद्यावर तोंड टेकते. हवालदार डोळे मिटून उभा. सव्वीस वर्षांचा झाला. पाय एकेक करून आपणच उचलून देतो, जसं काही माझ्यावर उपकार. त्याला थोडा खोकला आहे. खोकला साधा आहे की कसला, ते मला कळत नाही. ऐकत बसलो.

टेकडीवरून वहिनींचं घर दिसतं. दारापासून विहिरीपर्यंत दोरी ताणली आहे, विहिरीपासून चांदीच्या छपरापर्यंत दुसरी. दोन्हींवर एक फडकंही वाळत नव्हतं. गेल्या महिन्यात मी चिठ्ठीत लिहिलं होतं, घरात जादा दोरी असेल तर पाठवा, हवालदाराचं दावं झिजलं आहे. पाठवली नाही. आणि इथे बघावं तर नुसती ताणून ठेवलेली.

असू दे.

९ ऑक्टोबर

आज बोट आली. तीन आठवड्यांनी येते. मुकी आणि काडतूस घेऊन धक्क्यावर गेलो — सामान आणायला तीच दोघं. वहिनी आधीच उभ्या होत्या, चांदीच्या आयाळीत हात घालून. हल्ली चांदीशिवाय कुठे जातच नाहीत. लाडावून ठेवली आहे घोडीला.

मी चार हात अंतरावर उभा राहिलो. माझ्याकडे बघितलं नाही. समुद्राकडे बघत होत्या, समुद्रात काही नसताना. मुकी सवयीने त्यांच्याजवळ गेली तर तिची मान थोपटून म्हणाल्या, “काय रे काडतुसा, आज शहाण्यासारखा उभा आहेस?”

मुकीला काडतूस! तिच्या जन्माच्या वेळी वहिनी स्वतः गवतात बसून होत्या. माझ्या जनावरांची नावंसुद्धा लक्षात ठेवायची नाहीत, असं ठरवलेलं दिसतं. काडतूस असतं तर चावलं असतं, मग कळलं असतं.

बोटवाल्याने दोघांना एकेक कागद दिला. कचेरीतून आला आहे. तोंडीही सांगितलं, मोठ्याने, वाऱ्यामुळे. बेटावर निदान दोन घरं राहणार असतील तरच हिवाळ्यापासून बोट येणार. एक जरी निघालं तर दुसऱ्यालाही निघावं लागेल. आणि राहणारा माणूस धडधाकट पाहिजे, स्वतःचं स्वतः करणारा. ‘राहणार’ किंवा ‘जाणार’ — त्यापुढे सही. पुढच्या फेरीला, तीस तारखेला, कागद परत द्यायचा.

“आणि तट्टं?” मी विचारलं.

“व्यापारी दोन घेईल म्हणाला. चांदीलाही गिऱ्हाईक आहे. म्हाताऱ्या हवालदाराचं तुमचं तुम्ही बघा, काका.”

वहिनींनी कागदाकडे बघितलंही नाही. घडी घालून कमरेला खोचला. म्हणजे मनाशी ठरलेलंच असणार.

निघताना बोटवाला म्हणाला, “बाकी घोड्यांची पोटं ठीक ना, काका?” आणि आपणच हसला. वहिनी हसल्या नाहीत.

१० ऑक्टोबर

दिवसभर कागद टेबलावर. त्यावर लोटी ठेवली, उडू नये म्हणून. मग लोटीचा गोल उमटला म्हणून काळजी.

१२ ऑक्टोबर

ते पोटाचं लिहून टाकतो. दोन वर्षांत कुठे लिहिलं नाही.

टेकडीवर झेंड्याची काठी आहे. अडीनडीला लाल झेंडा चढवला की पलीकडच्या किनाऱ्यावरून दिसतो आणि बोट निघते, समुद्र कसाही असो. काठी माझ्या घराला जवळ, म्हणून चढवायचं काम माझं.

तीन वर्षांपूर्वी मुकी पोट फुगून आडवी पडली. मी घाबरलो आणि झेंडा चढवला. मोठ्या लाटा होत्या. बोटवाला जीव मुठीत धरून, नखशिखांत भिजून आला, जनावरांच्या डॉक्टरला घेऊन. दोघं टेकडी चढून येतात तर मुकी उभी राहून चरते आहे. “काका,” तो म्हणाला, “पुढच्या वेळी नुसती शिंकली तरी लावा.” पलीकडे सगळ्यांना सांगितलं. बरेच दिवस हसायला पुरलं त्यांना.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी कारकून वहिनींची चिठ्ठी घेऊन आला. ‘ह्यांच्या पोटात फार दुखतंय. झेंडा लावा.’ मी आधी दादाकडे गेलो. तो कुशीवर पडला होता. मला म्हणाला, “थांब रे, उतरेल. वहिनीला घाबरायची सवय आहे.” घाम आलेला दिसत होता मला. पण मी समुद्राकडे बघितलं. लाटा तशाच. मला बोटवाल्याचा चेहरा दिसला. पुन्हा पोटच! मी म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी उजाडताच चढवला. दुपारी बोट आली. दादा बोटीतच गेला, किनारा दिसत असताना. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आणायला हवं होतं.

वहिनी पुढच्या फेरीला परत आल्या. धक्क्यावर मी उभा होतो. एकच वाक्य बोलल्या. “घोडीसाठी लावलात, भावजी.”

पुढे काहीच नाही. दोन वर्षं.

मी महिन्याभराने चिठ्ठी लिहिली. माझी शाळा चौथीत सुटली, मोठं लिहिता येत नाही. तरी तीन दिवस लागले. ‘वहिनी, मी हसतील म्हणून भ्यालो. दादापेक्षा हसण्याला जास्त भ्यालो. माझं चुकलं. तुम्ही काय द्याल ती शिक्षा.’ कारकून गेला. पिशवी रिकामी आली. दुसऱ्या दिवशी काय पाठवावं सुचेना, म्हणून ‘वारा उत्तरेचा आहे’ असं लिहिलं. तेव्हापासून रोज वारा, खूर, गवत, खोकला लिहितो. दोन वर्षं मी उत्तराची वाट बघतो आहे, आणि हेच उत्तर आहे हेही मला कळतं.

१५ ऑक्टोबर

हवालदार आज गवताला तोंड लावत नव्हता. गूळ कोमट पाण्यात कालवून दिला, प्यायला. नुसती नाटकं असतील.

मला राहायचं आहे. लिहून बघितलं, कसं दिसतं ते. मला राहायचं आहे.

पण एकट्याने ‘राहणार’ लिहून उपयोग नाही. आणि वहिनींना ‘राहा’ म्हणायचा मला काय अधिकार?

१७ ऑक्टोबर

आज चिठ्ठी लिहिली. पाच कागद फाडले. ‘वहिनी, तुमचं काय ठरलं? राहणार असाल तर पिशवीत कसलीही चिंधी घालून पाठवा. जाणार असाल तर काही करू नका, पिशवी तशीच येऊ द्या. मी समजेन.’

उलटंही लिहिता आलं असतं. पण ‘मी जाते’ हे सांगायला माणसाला जड जातं. त्यासाठी त्यांना हात उचलायला लागू नये म्हणून मीच तशी सोय केली.

कारकुनाला दोनदा थोपटलं. त्याला शंका आली. जाताना मागे वळून बघत होता.

संध्याकाळ — पिशवी रिकामी.

१८ ऑक्टोबर

कदाचित चिंधी वाटेत पडली असेल. अर्ध्या वाटेपर्यंत बघत गेलो. झुडपांत, दगडांत. काही नाही.

१९ ऑक्टोबर

तीच चिठ्ठी पुन्हा पाठवली, मोठ्या अक्षरांत. रिकामी.

म्हणजे ठरलं. पिशवी रोज रिकामीच येते ही गोष्ट वेगळी. पण या वेळी मी विचारलं होतं. विचारल्यावर रिकामी येणं वेगळं.

२१ ऑक्टोबर

मुलीचं मागच्या फेरीचं पत्र पुन्हा काढून वाचलं. ‘बाबा, आता हट्ट पुरे. खोली तयार आहे. तिसरा मजला आहे पण लिफ्ट आहे. सोसायटीत कुत्र्यांचा नियम आहे, एक चालेल, पण लहान हवा.’

लहान! जाडी दारात बसली तर दार उघडत नाही. आणि कारकुनाला तिथे कोणाकडे पाठवू? लिफ्टने खाली जाऊन वर येईल रोज.

मुलगी वाईट नाही. तिला वाटतं मी इथे एकटा पडलो आहे. पडलो आहेच. पण इथे एकटा पडायला जागा तरी आहे.

२३ ऑक्टोबर

आज मी गेलो होतो. तोंडाने विचारायचं, म्हणून गेलो. हवालदाराला बरोबर घेतलं, सोबत. सबंध वाटभर पहिलं वाक्य घोकलं. ‘वहिनी, एक विचारायचं होतं.’ मग वाटलं ‘एक’ नको, ‘जरा’ बरं.

वहिनी विहिरीवर होत्या. बादली कठड्यावर ठेवून, एक हात त्या दोरीवर. मी तीस पावलांवर थांबलो. वाक्य गेलं डोक्यातून. चांदी हवालदाराला बघून खिंकाळली. वहिनी वळल्या. सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मधे झाड नाही, झुडूप नाही. आणि म्हणाल्या, “कोण आहे?”

पंचेचाळीस वर्षांची ओळख. दादाच्या लग्नात मी त्यांच्यापुढे उभा राहून पाणी दिलं होतं. आणि तोंडावर बघून ‘कोण आहे’!

याहून स्पष्ट माणसाने काय बोलायचं? मी उत्तर दिलं नाही. हवालदाराला वळवलं. मागून पुन्हा एकदा आवाज आला, “कोण?” मी चालत राहिलो.

घरी आल्यावर सही केली. ‘जाणार’ पुढे. सही वाकडी आली. वाकडी तर वाकडी.

२४ ऑक्टोबर

काही नाही.

२६ ऑक्टोबर

तबेला झाडला. रिकामा करायचा तर झाडायचा कशाला, असं मधेच मनात आलं. तरी झाडला.

काडतूस आणि मुकी व्यापाऱ्याकडे जातील. मुकी बोलत नाही हे त्याला सांगायला हवं. नाहीतर त्याला वाटेल दुखत-खुपत नाही तिला.

हवालदाराचं काय करायचं ते लिहीत नाही. बोटवाल्याने मागच्या वेळी निघता निघता सांगितलं होतं, जनावरांचा डॉक्टर बरोबर येईल, सुई देईल, दुखत नाही. कोणाला दुखत नाही, ते बोलला नाही.

२७ ऑक्टोबर

आज हवालदार भरपेट जेवला. नेमका आज.

२९ ऑक्टोबर

ट्रंक भरली. कपडे वर, दादाच्या चिठ्ठ्या खाली. जाडी ट्रंकेवर जाऊन झोपली आहे, उठत नाही. तिला ढकलायला दोन माणसं लागतील.

सकाळी शेवटची चिठ्ठी पाठवली. ‘वहिनी, मी सही केली आहे. उद्या तट्टं घेऊन धक्क्यावर येतो. वारा आग्नेयेचा आहे. सांभाळून या.’ सवयीने वारा लिहिलाच.

पिशवी रिकामी.

कडी आज एकदाच तपासली. उद्यापासून आत कोणी नसणार, मग तपासायची कशाला?

३० ऑक्टोबर

वहिनी धक्क्यावर बसल्या होत्या, चांदीच्या पायाशी. शेजारी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, “भावजी ना? त्या दिवशी विहिरीवरही तुम्हीच होतात. उत्तर का दिलं नाहीत?”

 त्यांनी हात पुढे केला, हवेतच. माझ्या बाहीला लागला, मग थांबला.

“डोळे गेले माझे. हे गेले तेव्हाच अक्षर पुसट व्हायला लागलं होतं. बोटवाल्याला कळलं तर कचेरी मला उचलून नेईल, म्हणून कोणाला सांगितलं नाही. तुमच्यावर राग होता, म्हणून तुम्हालाही नाही. कारकून रोज आणायचा, मी डब्यात ठेवायचे. वारा नाहीतर खूर असणार, दुसरं काय लिहिणार तुम्ही? पण टाकवलं नाही. बोटवाला आत्ता ओरडला, काकांची ट्रंक आली म्हणून. मुलीकडे चाललाच आहात तर जाण्याआधी वाचून दाखवा. तळापासून.”

पहिल्या डब्याच्या तळाची काढली. तीच होती. वाचली. ‘हसण्याला जास्त भ्यालो’ हेही वाचलं. त्या बराच वेळ चांदीच्या खुरावरची माती बोटाने काढत राहिल्या.

मग म्हणाल्या, “तुमचा कागद दिलात का त्याला?”

“अजून खिशात आहे.”

“मग राहू द्या खिशात. फाडा नाहीतर. पुढची वाचा.”

बोटवाल्याने तीनदा भोंगा वाजवला. मी चौथ्या चिठ्ठीवर होतो. तट्टं कंटाळून आपणच घराच्या वाटेला लागली, हवालदार पुढे.